घरचा खिळा

तांबडी लंगडतेय हे घरात सगळ्यात आधी मला दिसलं. माझा बाप नालबंद, जन्म घोड्यांच्या पायांत गेलेला, तेव्हा ते मला दिसणारच. सकाळी गोठ्याचं दार उघडलं, तर एरवी दाण्याच्या बादलीसाठी मला ढकलून देणारी ही बया कोपऱ्यात गुमान उभी. उजवा पुढचा पाय पुढे काढलेला, त्यावर भार म्हणून नाही. दोरी धरून तिला अंगणात काढली. डावा पाय टेकला की मान खाली, उजवा टेकला की मान झटकन वर. अशी चार पावलं चालली आणि थांबली.

"अहो," मी हाक मारली, "ही उजव्यानं लंगडतेय बघा."

आमचे हे हौदावर तोंड धूत होते. तसेच ओल्या तोंडानं आले. एक फेरी मारून घेतली, गुडघ्यावर हात ठेवून वाकून पाहिलं, आणि खुराकडे न बघता म्हणाले, "खांद्यात भरलंय."

"खांद्यात कसं भरेल?"

"परवा तो जाड ओंडका ओढताना घसरली होती ना. हिसका बसला असणार."

सासूबाई ओट्यावर शेंगा सोलत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "खांदाच आहे. चालीवरून कळतं."

मी खाली बसले आणि खुराला हात लावला. डाव्यापेक्षा उजवा चांगलाच गरम. खुराच्या वर, मागच्या बाजूला बोटं दाबली तर नाडी थाडथाड उडत होती. खांदा दुखला म्हणून खूर तापत नाही. मी वर पाहिलं तर हे गोठ्याच्या कौलांकडे बघत होते, आणि सासूबाई एकेक शेंग अशी निरखत होत्या की जणू आत मोती निघणार आहे.

"खूर गरम आहे," मी म्हणाले.

"ऊन पडलंय," हे म्हणाले.

ऊन अजून गोठ्यापर्यंत आलंसुद्धा नव्हतं. पण मी पुढे बोलले नाही, आणि का बोलले नाही ते सांगायला हवं.

माझा थोरला भाऊ, दादा, वडिलांमागे नालबंदी करतो. एका शिडीवरून त्याचं आणि आमचं दोन वर्षं बोलणं बंद होतं. शिडी त्याची की आमची हे आजही ठरलेलं नाही. ह्यांनी एक शब्द टाकला, त्यानं दोन टाकले, आणि मग लग्नकार्यात भेटलो तरी आम्ही एकमेकांच्या डोक्यावरून बघायचो. तांबडीला नाल मारायला आम्ही पार पुलापलीकडच्या माणसाकडे नेत होतो. तर गेल्या रविवारी दादा आपण होऊन दारात उभा. खांद्याला हत्यारांची पिशवी. "घोडीच्या नाला झिजल्यात असं ऐकलं," एवढंच म्हणाला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ह्यांनी स्वतः पुढे होऊन पिशवी उतरवून घेतली.

दादा कामाला बसला. हे तांबडीचं तोंड धरून उभे, सासूबाई चहा घेऊन आलेल्या, मी कानस हातात देत होते. गप्पांना नुसता ऊत आला होता. दादा कुठल्याशा गाढवाची गोष्ट सांगत होता, हे खो खो हसत होते. उजव्या पायाला बाहेरच्या अंगाचा तिसरा खिळा ठोकला, आणि तांबडीनं पाय असा हिसडला की दादा मागे जाऊन आपटला. असा पाय हिसडला की खिळा काढायचा, हे कुठल्याही नालबंदाच्या पोराला ठाऊक असतं. खिळा जिवंत भागाला लागलेला असतो. पण दादा उठला, पँट झटकली, "नखरे करते," म्हणाला, खिळ्याचं वर आलेलं टोक मोडलं आणि कानस फिरवून मोकळा झाला. हे आभाळाकडे बघायला लागले. सासूबाईंनी कप गोळा केले. माझ्या तोंडाशी आलं होतं, पण दोन वर्षांनी माहेर दारात आलं होतं, त्याच्या तोंडावर दार कोण लावणार होतं?

आता तोच खिळा आत पिकत होता, आणि घरात सगळ्यांना खांदा दिसत होता.

सासूबाईंनी खांद्याचं खातं आपल्याकडे घेतलं. त्यांच्या गुडघ्यांना लावायचं तेल त्यांनी बाहेर काढलं. ते तेल त्या मला कधी डोकं दुखलं तरी लावू देत नाहीत. सकाळ संध्याकाळ घोडीचा खांदा चोळायचा, वीट तापवून फडक्यात गुंडाळून शेकायचा. तांबडीला ते आवडायचं, नाही कशाला म्हणू. डोळे मिटून उभी राहायची. खांदा चोळायला चांगलाच लागतो, तो दुखत नसला तर जास्तच.

पाय मात्र रोज वाईट होत चालला. आधी निदान टोक टेकवत होती, पुढे पाय हवेत धरून उभी राहायला लागली. बादलीतली चंदी अर्धी उरायला लागली. कुशीला घाम यायचा, तोही सावलीत.

आमचं काम डोंगराच्या उभ्या उतारावरचं. वर झाडं तोडतात, ती साखळीला बांधून घोड्यानं खाली रस्त्यापर्यंत ओढत आणायची. तिथं ट्रॅक्टर चढत नाही म्हणून घोड्यांचं काम अजून चालू आहे. पाऊस लागला की उताराचा नुसता चिखल होतो आणि काम बंद पडतं ते थेट हिवाळ्यापर्यंत. तेव्हा पावसाआधीचे हे चार महिने ज्याची घोडी उभी त्याचं घर उभं. आमची बसली होती.

ठेकेदार दुसऱ्याच दिवशी मोटारसायकलवरून आला. माणूस तसा वाईट नाही, पण उताराकडे बघावं तसंच तो माणसांकडेही बघतो, किती लाकूड निघेल एवढंच. त्यानं तांबडीला चालवून पाहिली.

"काय झालंय?"

"खांदा," हे म्हणाले.

ठेकेदारानं तोंड वाकडं केलं. "खांदा गेला म्हणजे घोडी गेली. चालेल, चरेल, पण ओढायला उभी राहायची नाही. मी तीन घालवलेत असे." मग थोडा वेळ थांबून म्हणाला, "शनिवारी जनावरांची गाडी येतेय माझ्याकडे. दोन म्हातारे घोडे द्यायचेत. हिलाही चढवू. तुम्हाला माझ्याकडचं काळं तट्टू देतो, हिशोब पुढे कामात वळता करू. बघा."

जनावरांची गाडी कुठं जाते हे विचारायची गरज नव्हती. ह्यांनी नुसती मान हलवली. ती हो होती की नाही हे ठेकेदारानं आपल्या सोयीनं ठरवलं.

"तोवर वरच्या फांद्या हातानं उतरवा," तो जाता जाता म्हणाला. "बसून काय करणार?"

मग आम्ही दोघं फांद्या उतरवायला जायला लागलो. घोड्यानं ओढायचा ओंडका माणसाला हलत नाही, म्हणून आमच्या वाट्याला काटक्याकुटक्या, बाजूच्या फांद्या, मनगटाएवढ्या जाड. मोळी करून खांद्यावर घ्यायची आणि उतारावर टाचा रोवत खाली यायचं. शेजारच्या जोडीचा घोडा साखळी खणखणवत खाली जायचा, त्याचा मालक आम्हाला बघून खोकायचा. त्याला खोकला नव्हता. दुसऱ्या दिवशी ह्यांच्या मानेवरची कातडी सोलली आणि माझ्या पोटऱ्यांना असे गोळे यायला लागले की जिना उतरताना मी उलटी उतरायचे. तिकडे घरी घोडीच्या खांद्याला तेल लागत होतं, आमच्या खांद्यांना कुणी विचारत नव्हतं.

उतरताना एकदा वाटेत बसलो तेव्हा मी म्हणाले, "तुम्हाला माहीत आहे खांदा नाहीये."

ह्यांनी पाण्याची बाटली तोंडाला लावली ती बराच वेळ खाली आणली नाही.

"अहो, मी तुमच्याशी बोलतेय."

"ऐकलं," ते म्हणाले. "ठेकेदाराचे सगळे घोडे दादांच्या हाताखाली आहेत. मागच्या साली त्या दुसऱ्या नालबंदाचा खिळा लागला तर ठेकेदारानं त्याला उतारावर पाय ठेवू दिला नाही, आठवतंय ना? आज कुठं आहे तो? मी तोंड उघडायचं आणि दादांच्या पोटावर पाय द्यायचा? तुझाच भाऊ आहे."

"आणि घोडी माझी नाही?"

ह्यांचा चेहरा उतरला. तांबडी शिंगरू असताना ह्यांनीच तिला बाटलीनं दूध पाजलं होतं. तिची आई बाळंतपणात गेली होती. मला ते दिसत होतं, आणि म्हणूनच जास्त राग येत होता.

"घोडी आपली आहे," ते म्हणाले, "पण मी बोलायचा नाही."

गुरुवारी शेजाऱ्यांच्या गाईला बघायला डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्यांची गाडी कुंपणाबाहेर दिसली आणि मी कुणालाही न विचारता जाऊन त्यांना बोलावून आणलं. हे तोंड पाडून उभे राहिले. सासूबाई लगबगीनं पुढे.

डॉक्टरीणबाई उंच, आवाज बारीक, पण हाताला जोर. त्यांनी घोडीला चालवून पाहिली, पायावरून वरपासून खालपर्यंत हात फिरवला, आणि विचारलं, "नाल कधी मारली?"

"झाले की दोन महिने," सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी पाय उचलला. नाल लख्ख, नव्या ताटासारखी. त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई डोळ्याची पापणी न हलवता म्हणाल्या, "ही फार जपून चालते."

मला हसू येत होतं आणि रडूही. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून लांब दांड्यांचा एक चिमटा काढला आणि खुराच्या कडेनं एकेक जागा दाबत गेल्या. आतल्या अंगाला काही नाही. पुढे काही नाही. बाहेरच्या अंगाला दाबलं आणि तांबडीनं सगळं अंग मागे खेचलं, दोरी ह्यांच्या हातातून सुटता सुटता राहिली.

"इथं आहे," त्या म्हणाल्या. "आत पू झालाय. खिळ्याच्या भोकातून घाण गेलीय बहुतेक. नाल काढायची, ते भोक खालून मोकळं करायचं, पू निघून जाऊ द्यायचा. सुरी आहे माझ्याकडे, आत्ता करून टाकते."

"नको," हे म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. ते कानापर्यंत लाल झाले होते.

"म्हणजे, नाल आमच्या मेहुण्यांनी मारलीय. आमच्यात दुसऱ्यानं मारलेली नाल मधेच कुणी उपटत नाही. तो नालबंदाचा अपमान होतो. त्यांना बोलावून त्यांच्याच हातानं काढतो."

"कुणाच्याही हातानं काढा," त्या म्हणाल्या. "पण लवकर काढा. खाली वाट मिळाली नाही तर पू वर चढतो. हाडाला लागला तर मग माझ्या हातात काही राहणार नाही." त्यांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला, नदीपलीकडे एक म्हैस अडली होती. निघताना मी त्यांना फाटकापाशी गाठलं.

"बाई, ही पुन्हा लाकूड ओढेल?"

"नाल काढलीत तर आठवड्याभरात ओढेल. लागलेल्या खिळ्यानं घोडा जात नाही, त्याच्याकडे न बघितल्यानं जातो."

हे माझ्या मागेच उभे होते. त्यांनी ते ऐकलं.

त्या संध्याकाळी आम्ही तिघं जेवायला बसलो ते तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखे. शेवटी हेच म्हणाले, "तू जा दादांकडे. मी गेलो तर भांडायला आलो असं होईल. शिडीवरून काय झालं ते माहीत आहे ना."

"शिडी आपलीच होती," सासूबाई म्हणाल्या.

"आई, आत्ता शिडीचं नाव काढू नका," मी म्हणाले. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मी त्यांना गप्प केलं असेन.

शुक्रवारी सकाळी मी दादाकडे गेले. त्याच्या कामाच्या पडवीत ठेकेदाराचाच एक घोडा बांधलेला, आणि ठेकेदाराचा माणूस बाकावर विडी ओढत बसलेला. वहिनीनं पाणी आणून दिलं. "वन्सं, या ना आत," म्हणाली. मी आत गेले नाही. त्या माणसाचा घोडा होईपर्यंत मी तिथंच भिंतीला टेकून उभी राहिले. दादा एकदाही माझ्याकडे बघत नव्हता, पण ठोकताना त्याचा हात दोनदा चुकला. माणूस घोडा घेऊन गेला तेव्हा मी बोलले.

"दादा, तांबडीच्या पायात तुझा खिळा लागलाय."

तो भट्टीतले निखारे हलवायला लागला. "खांदा आहे असं ऐकलं."

"कुणाकडून ऐकलंस? आमच्याकडूनच ना? आम्ही खोटं बोलतोय. तुझ्यासाठी बोलतोय. पू झालाय आत. उद्या गाडी येतेय तिला न्यायला."

"मग न्या. तिला ओढायला लावता अडीच पट ओझं, आणि मग नालबंदावर ढकलता. दाजींना सांग, त्या उतारावर जुंपायचं तर खांदे जाणारच."

"तू पडलास तेव्हा मी तिथंच होते, दादा. कानस माझ्या हातात होती."

तो वळला. चाळीस वर्षांत त्यानं माझ्यावर हात उगारला नव्हता, आताही उगारला नाही, पण चेहरा तसा झाला होता. "माझ्या हातून वीस वर्षांत एक घोडा लंगडला नाही. एक. तू सगळ्या गावात ओरडत फिर."

"मला गावात फिरायचं नाहीये. तू चल आणि नाल काढ. कुणाला काही सांगणार नाही."

"मी यायचा नाही."

"मग पक्कड दे."

"तुला?"

"वडील तासायचे तेव्हा पाय माझ्या मांडीवर असायचा, तुझ्या नाही. तू तेव्हा पतंगामागे असायचास."

वहिनी दारात आली होती. दादानं पक्कड दिली नाही, पण अडवलंही नाही. मी भिंतीवरची पक्कड काढली, हातोडी काढली, खूर तासायची वाकडी सुरी काढली, आणि पदरात गुंडाळून निघाले. मागून काही आवाज आला नाही. रस्ताभर मला वाटत होतं की तो हाक मारेल. त्यानं मारली नाही, आणि मला मनापासून रडू आलं. पण पाय थांबले नाहीत.

घरी आल्यावर हे हत्यारांकडे बघतच राहिले.

"आले नाहीत?"

"नाही. तुम्ही तोंड धरा."

"तुला येतं का हे?"

"येत नसेल तर आता येईल. धरा."

सासूबाई उठल्या, आत गेल्या आणि दार लावून घेतलं. आतून म्हणाल्या, "मी काही बघितलेलं नाही."

मी तांबडीचा पाय उचलला आणि गुडघ्यांत धरला. तापलेला खूर माझ्या मांडीला पातळातूनही लागत होता. तिनं सगळा भार माझ्यावर टाकला. घोडी आजारी असली तरी घोडीच, माझी कंबर मोडायला आली. हातोडीनं खिळ्यांची वळवलेली टोकं सरळ केली. मग पक्कड लावून एकेक खिळा बाहेर काढायला घेतला. नाल एकदम उपटायची नसते, दुखऱ्या खुराला तर नाहीच. आतल्या अंगाचे खिळे कोरडे निघाले. बाहेरच्या अंगाचा पहिला कोरडा. दुसरा कोरडा. तिसऱ्याला पक्कड लावली आणि तांबडी कण्हली. घोडा कण्हतो तेव्हा माणसासारखाच आवाज येतो, ऐकवत नाही.

"अगं, हळू," हे म्हणाले. त्यांनी कपाळ तिच्या गालाला टेकवलं होतं.

खिळा आला. काळा, ओला. नाकाशी नेला, कुजका वास. मी तो ह्यांना दाखवला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते त्यांनी तिच्या आयाळीला पुसलं.

नाल सुटली. आता त्या भोकापाशी तळव्याला सुरी लावायची होती, आणि तिथं माझा हात थांबला. पाय धरणं वेगळं आणि सुरी चालवणं वेगळं. जरा खोल गेले तर रक्त, जरा उथळ राहिले तर पू आतच. मी सुरी लावली, काढली, पुन्हा लावली. घाम डोळ्यांत जात होता.

"सुरी अशी धरतात का?"

दादा कुंपणापाशी उभा होता. कधी आला कुणास ठाऊक. डोक्याला फडकं, हातात काही नाही, कारण त्याची हत्यारं माझ्याकडे होती. तो आला, माझ्या हातातून सुरी घेतली, मला बाजूला केलं आणि पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. मी ह्यांच्याजवळ जाऊन दोरी धरली. दादानं तळव्याचा पांढरा थर पातळ पातळ काढत नेला. काळी रेघ दिसली. रेघेमागे गेला. आणि एका क्षणी राखाडी, काळं पाणी फुस्सकन बाहेर आलं, त्याच्या मनगटावर, बाहीवर, दाढीवर. तो हलला नाही. दाबत राहिला, येईल तेवढं येऊ दिलं.

तांबडीनं एक लांब श्वास सोडला. तिची मान माझ्या खांद्यावर हळूहळू जड होत गेली.

"गरम पाणी, मीठ," दादा म्हणाला. "आणि कोंडा. पोटीस बांधू."

दार उघडलं. सासूबाई पातेलं घेऊनच बाहेर आल्या. पाणी आधीच तापलेलं होतं.

पाय पाण्यात ठेवून आम्ही चौघं गोठ्यात बसलो. मग दादा खुराकडेच बघत म्हणाला, "तिसरा होता. मारला तेव्हाच कळलं होतं."

"आम्हालाही," मी म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?" तो एकदम चिडला. खरोखर चिडला, आमच्यावर. "तोंडं शिवली होती? मी काढला असता. तुम्ही एक शब्द बोलला असता तर मी काढला असता."

"दोन वर्षांनी आला होतात," हे म्हणाले.

दादानं खूर पाण्याबाहेर काढला, पुसला, कोंड्याचा गोळा बसवला आणि पोत्याच्या फडक्यानं बांधला. बांधताना गाठ त्यानं तीनदा सोडून पुन्हा घातली. निघताना ह्यांनी त्याला सांगितलं, "उद्या ठेकेदाराला खांदाच होता म्हणून सांगू. उतरला म्हणू. तुम्ही काळजी करू नका." दादा आपली हत्यारं उचलून निघाला.

शनिवारी सकाळी तांबडी चारही पाय टेकून उभी होती. बांधलेला पाय जपून टाकत होती, पण टाकत होती. बादली तिनं रिकामी केली आणि मला ढकललं. दादा उजाडताच येऊन गरम पाण्याची बादली घेऊन पोटीस बदलत बसला होता, तेवढ्यात गाडी आली. मागच्या फळ्यांमधून दोन म्हाताऱ्या घोड्यांची तोंडं दिसत होती. ठेकेदार पुढून उतरला.

"चढवा," तो म्हणाला. "फळी टाका रे."

"नको," हे म्हणाले. "उतरलाय खांदा. बरी झालीय."

"खांदा चार दिवसांत उतरत नाही. आज बरी दिसेल, परवा उतारावर साखळीत बसेल, आणि तट्टू मी दुसऱ्याला दिलेलं असेल. भावनेत येऊ नका." मग त्याची नजर फडक्यावर गेली. "खांदा ना? मग पायाला काय बांधलंय?"

"खडा लागला वरून," सासूबाई म्हणाल्या.

"खांदा की खडा?"

"दोन्ही," सासूबाई म्हणाल्या.

ठेकेदार हसला नाही. "हे बघा, काय झालंय हे मालकालाच माहीत नाही असली घोडी मी उतारावर घेणार नाही. साखळीत बसली तर खालच्या माणसाचा जीव जातो. एक तर चढवा, नाहीतर सोमवारपासून येऊ नका."

ड्रायव्हरनं फळी खाली टाकली. ह्यांची मान खाली. सांगितलं तर दादा गेला, नाही सांगितलं तर तांबडी. मी ठरवलं होतं, मी बोलणार होते, भाऊ आयुष्यभर तोंड न बघो. मी तोंड उघडलं.

"खांदाही नाही आणि खडाही नाही," दादा खाली बसल्या बसल्या म्हणाला. पाय त्याच्या मांडीवरच होता. "माझा खिळा लागला. मारताना कळलं होतं मला. काढला नाही."

ठेकेदार दोन पावलं पुढे आला.

"माझ्या घोड्यांना तू नाल मारतोस," ठेकेदार म्हणाला.

"हो."

"आणि हे तोंडावर सांगतोस."

"आठवड्यात ओढेल ही. डॉक्टरीणबाईंना विचारा. गाडीत चढायची नाही."

ठेकेदार त्याच्याकडे बघत राहिला. दादाच्या मानेवरची शीर उडत होती, मला दिसत होती. तेव्हा हे पुढे झाले. माझा नवरा, जो बाजारात पैसे कमी परत आले तरी बोलत नाही, तो म्हणाला, "त्यांना एकट्याला धरू नका. मीही बघितलं होतं. तोंड मीच धरलं होतं घोडीचं."

"मीही होते," मी म्हणाले.

ठेकेदारानं सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी पदर सारखा केला. त्यांना फार जड जात होतं, पण म्हणाल्या, "आम्ही सगळ्यांनीच बघितलं होतं. आणि तेल मी उगाच घालवलं."

"कमाल आहे तुमची," ठेकेदार म्हणाला. रागानं म्हणाला की कसं, मला आजही सांगता येणार नाही. ड्रायव्हरला त्यानं फळी उचलायला सांगितली. गाडीत चढताना थांबला. "घोडी सरळ चालेल तेव्हा मला दाखवायला आणा. मग उताराचं बघू. आणि तू," दादाला म्हणाला, "तुझं मी अजून ठरवलेलं नाही."

"ठरवा," दादा म्हणाला.

गाडी मागे घेताना कुंपणाचा एक खांब मोडून गेली. ते दोन म्हातारे घोडे फळ्यांतून आमच्याकडे बघत गेले, त्यांच्यासाठी बोलणारं कुणी नव्हतं. हे जाऊन दादाशेजारी मातीत बसले आणि बादली धरली.

"पाणी निवलं," दादा म्हणाला. "दुसरं आण."

मी आणायला गेले.